ह्याला कुत्रं काढता येतं का?

सिद्रामतात्यांना कुठलीही नवी वस्तू दाखवा. ते तिच्याभोवती एक चक्कर मारणार, डोक्यावरची टोपी मागं सरकवणार आणि विचारणार, "ह्याला कुत्रं काढता येतं का?"

डेअरीत टाइपरायटर आला तेव्हा त्यांनी हे विचारलं. सायक्लोस्टाइलचं यंत्र आलं तेव्हाही विचारलं. कुणीतरी म्हणालं, "आधी कुत्रं काढून दिलं तर हे त्याच्या शंभर नकला करतं." त्यामुळं त्या यंत्राबद्दल तात्यांचं मत शेवटपर्यंत बरं राहिलं. चेअरमन अण्णांनी सोलापूरहून कॅल्क्युलेटर आणला आणि सगळ्या स्टाफला कौतुकानं दाखवला. तात्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि प्रश्न विचारलाच.

अण्णा म्हणाले, "तात्या, ह्यो हिशेब करतो."

"हिशेब तर तुमी बी करताव. कुत्र्याचं बोला."

तात्या आमच्या डेअरीचे रंगारी. उस्मानाबादेतली ती सहकारी डेअरी म्हणजे जिल्ह्याभरातून दूध येऊन थंड व्हायची जागा. गावोगावच्या सोसायट्यांचे कॅन ट्रकनं यायचे, रिकामे होऊन, धुऊन परत जायचे. कुठला कॅन कुठल्या गावाचा हे हमालांना कळावं म्हणून तात्यांनी प्रत्येक गावाला एक चिन्ह दिलं होतं. वाचता येणारे कमी, आणि पहाटे दूध घालायला येणाऱ्या बायकांत तर फारच कमी. म्हणून सोनारीच्या कॅनवर कुत्रं, कारण तिथं काळभैरव आणि कुत्रं भैरवाचं. तामलवाडीला एसटी, कारण ते गाव सोलापूरच्या रस्त्यावर. माकणीजवळ धरण, म्हणून माकणीला मासा.

मासा त्यांनी जन्मात नीट पाहिलेला नव्हता. माकणीच्या सोसायटीतल्या गोदाबाई एकदा डेअरीवर येऊन कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "तात्या, आमच्या कॅनवर वांगं का काढलंय?"

"वांगं न्हाय. मासा हाय."

"मग देठ कशाला हाय?"

तात्यांनी कॅन फिरवून मासा भिंतीकडं केला. संध्याकाळी मात्र मला बाजूला घेऊन विचारलं, "तळंवाले, खरं सांगा. माशाला मागनं काय असतंय?"

तळंवाले म्हणजे मी. मी भंडाऱ्याकडचा. आमच्याकडं गावागणिक तलाव, धानाची शेतं, तलावात कमळं. आठवीत शाळा सोडली आणि पाइप जोडणाऱ्या एका कंत्राटदाराबरोबर फिरत फिरत इकडं आलो. डेअरीच्या बर्फाच्या मशिनीचं काम संपलं तेव्हा मी तापानं फणफणलो होतो. कंत्राटदाराची माणसं पुढच्या कामाला निघून गेली. जाग आली तेव्हा मी तात्यांच्या खोलीत होतो आणि ते ज्वारीची भाकरी दुधात चुरत होते. मला 'मले-तुले' बोलताना ऐकून ते इतके हसले की वाटीतलं दूध सांडलं. त्या वर्षी दूध सांडणं ही हसण्याची गोष्ट नव्हती. पाऊस नव्हता, कडबा नव्हता, गावोगाव कॅन अर्धेच भरून येत होते.

बरा झाल्यावर मी त्यांच्याच खोलीत राहिलो. भाड्याचं नाव त्यांनी कधी काढलं नाही. त्याऐवजी त्यांना तलाव लागायचा. भाकरी झाली की ते भिंतीला टेकून म्हणायचे, "हं, सांगा. काठावर काय हाय?"

मी सांगायचो. कमळं, बगळे, लाकूड कोरून केलेल्या होड्या म्हणजे डोंगे, पाण्यात उतरलेल्या म्हशी.

"म्हशी? नुसत्या बसून ऱ्हात्यात पाण्यात? शपथ घ्या."

मी शपथ घ्यायचो. तात्या कोपऱ्यातल्या अर्ध्या घागरीकडं बघत राहायचे. मलाही मग पुढं सांगवायचं नाही.

डेअरीत कॉम्प्युटर येणार असं ठरलं तेव्हा त्याच्या खोलीसाठी एक माणूस हवा होता. धूळ पुसायची, येणाऱ्याच्या चपला बाहेर काढायला लावायच्या, लाइट गेली की धावत जाऊन सांगायचं. तात्या मला घेऊन अण्णांसमोर उभे राहिले. मला वाटलं, अण्णा आता मॅट्रिकचा दाखला मागणार.

तात्या म्हणाले, "अण्णा, ह्यो माणूस घ्या. लई भितो. काचेच्या वस्तूपाशी भिणारा माणूसच बरा."

तेवढ्यावर मी लागलो. माझ्याबद्दल कुणी इतकं खरं बोलून माझं भलं केल्याचं दुसरं उदाहरण नाही.

कॉम्प्युटर आला तो पुण्याच्या सबनीस साहेबांबरोबर. वयानं पोरगेला माणूस, जाड चष्मा, पाण्याची बाटली घरून आणलेली. काही महिने राहून सगळं बसवून द्यायचं असं त्यांचं काम होतं. नारळ फुटला, अण्णांनी पेटीला हळदकुंकू वाहिलं. कुंकवाची डबी तिथंच पेटीवर राहिली आणि रोज सकाळी बोट टेकवायचं काम माझ्याकडं आलं. सबनीसांनी उदबत्ती बंद केली, धुरानं बिघडतं म्हणून. कुंकवापुढं मात्र त्यांनी हात टेकले. एवढंच म्हणाले, "काचेवर नको लावू."

काळ्या काचेवर हिरवी अक्षरं उमटली. सगळा स्टाफ दारात अनवाणी उभा. तात्या पुढं झाले, टोपी मागं सरकवली. मी डोळे मिटून घेतले.

"साहेब, ह्याला कुत्रं काढता येतं का?"

सबनीस हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. म्हणाले, "नाही. ह्यात फक्त अक्षरांचं कार्ड आहे. चित्रांसाठी वेगळं घ्यावं लागतं."

"वेगळं? ते कुठं ऱ्हातंय?"

सबनीसांनी पेटी उघडून दाखवली. मागच्या बाजूला खाचेत एक हिरवी पट्टी उभी बसवलेली, तिच्यावर काळे-काळे किडे चिकटल्यासारखे. "पडद्यावर जे दिसतं ते ह्या पट्टीमुळं. चित्राची पट्टी घेतली तर चित्र दिसेल. पण दुधाच्या हिशेबाला चित्र कशाला हवं?"

"आन् ही पट्टी काढूनच टाकली तर? पेटी मरती?"

"मरत नाही. आत सगळं चालू असतं, पण दिसत काही नाही. पेटी नुसती कुईकुई आवाज करते."

तात्यांच्या चेहऱ्यावर जो उजेड पडला तो मला अजून दिसतो. ते आमच्याकडं वळून म्हणाले, "ऐकलं का? म्हंजे कुत्रं आधीच आत हाय! दिसायचं तेवढं ऱ्हायलंय!"

त्या दिवसापासून त्यांना एक नवं वाक्य मिळालं. "आत चालू हाय, दिसत न्हाय." ते कशालाही लागू पडायचं. कोरडी पडलेली विहीर दाखवून म्हणायचे, आत चालू हाय. अण्णांचं राजकारण? आत चालू हाय, दिसत न्हाय. आभाळ? तिथंही तेच, फक्त आवाज जरा खाली जायचा.

आणि मग त्यांनी चित्राच्या पट्टीचा ध्यास घेतला. येईल त्या डायरेक्टरला गाठायचे. त्याचं कारण होतं. कॉम्प्युटरनं गावांना नंबर दिले होते. तामलवाडी अमुक, माकणी तमुक, सोनारी एकतीस. नवे कॅन येणार, त्यांच्या गळ्याशी नंबराचा पितळी बिल्ला असणार, आणि रंगाचे पोपडे दुधात पडतात म्हणून चित्रं बंद होणार अशी कुणकुण लागली होती. पेटीला चित्रं काढता आली असती तर चिन्हं राहिली असती. तात्यांचं म्हणणं एवढंच होतं.

"साहेब," ते सबनीसांना समजावत, "पूर्वी बैलगाडीला कंदील येगळा बांधायचे. एसटीला बांधत्यात का? दिवा गाडीसंगंच येतो. तसं ही चित्राची पट्टी बी उद्या पेटीच्या अंगातच येईल. दुकानात जाऊन पट्टी मागितली तर दुकानदार म्हणंल, कसली पट्टी? पोरगं जल्माला आल्यावर डोळे मागनं बसवत्यात व्हय?"

"साधी कामं करणाऱ्यांना चित्रं लागणारच नाहीत तात्या. ती हौस राहील. महागच राहील."

"तुमी शिकलेले. पर लिहून ठिवा."

परवा आमच्याकडं नवी पेटी आली. बसवणाऱ्या पोराला मी घाबरत विचारलं, चित्राची पट्टी कुठली घेतली? तो म्हणाला, "वेगळी कशाला काका, मेन बोर्डातच असते." मी बाहेर जाऊन उगाच चपला सरळ करत बसलो. अर्थात तात्यांनी असंही भाकीत केलं होतं की अक्षरांची बटणं जाऊन त्या जागी भाज्यांची चित्रं येतील. ते काही अजून झालेलं नाही.

डायरेक्टर लोक काही ऐकेनात. तेव्हा तात्यांनी आपली पट्टी आपणच करायचं ठरवलं.

अण्णांच्या घरी काळापांढरा टीव्ही होता आणि त्याच्यावर रंगीत प्लास्टिकचा कागद लावलेला होता. वर निळा, मध्ये पिवळसर, खाली हिरवा. त्यामुळं बातम्या देणाऱ्या माणसाचं कपाळ निळं आणि हनुवटी हिरवी दिसायची, पण अण्णा त्याला रंगीत टीव्ही म्हणायचे. तात्यांनी त्यावरून युक्ती काढली. पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा घेतला, त्याच्या डाव्या कडेनं एकाखाली एक चिन्हं रंगवली आणि दोऱ्यानं तो कागद पेटीच्या काचेवर बांधला. मागं हिरवी अक्षरं, पुढं चित्रं. एसटीसमोर तामलवाडीचं दूध. मासा, आता शेपटीसकट, माकणीच्या दुधासमोर. त्याखाली सोनारी, आणि तिच्यासमोर कुत्रं.

सबनीस सुद्धा बघत राहिले. "बरं आहे की," असं म्हणाले. कागद त्यांनी तसाच राहू दिला; पुढं जे झालं त्यात त्यांचा वाटा तो एवढा.

वार्षिक सभेला गावोगावची माणसं कॉम्प्युटर बघायला आली. बाहेर चपलांचा ढीग, आत घामाचा वास. तात्यांनी धुवट टोपी घातली होती आणि दाराकडं सारखं बघत होते. सोनारीचे सेक्रेटरी एकटेच आले तेव्हा त्यांनी विचारलं, "बाया न्हाय आल्या तुमच्या?"

"कुणाला सवड हाय तात्या? चाऱ्याच्या मागं हायत समद्या."

तात्यांनी टोपी काढून झटकली आणि परत घातली.

गोदाबाई सगळ्यांत पुढं. मासा बघून त्यांनी मान डोलावली. समोरचा आकडा सबनीसांनी वाचून दाखवला. माकणीचं दूध त्या आठवड्यात सगळ्यांत जास्त. गोदाबाईंनी पदर सावरून मागं वळून सगळ्यांकडं एकदा बघून घेतलं.

तेवढ्यात सबनीसांनी पुढची गावं दाखवायला एक बटण दाबलं. अक्षरं एक ओळ वर सरकली. चित्रं काही सरकली नाहीत, ती प्लास्टिकवर होती.

सबनीसांनी बोट ठेवून आकडा वाचला. माशासमोर सोनारीचं थोडकं दूध आलं होतं.

"आवो!" गोदाबाई ओरडल्या. "आत्ता तर बक्कळ व्हतं! कुणी सांडलं?"

एसटीसमोर माकणीचं दूध आलं होतं. तामलवाडीचा एक म्हातारा पुढं घुसला, "थांबा साहेब, आता हात लावू नका! असंच ऱ्हाऊ द्या!"

सबनीस गडबडले, त्यांनी दुसरंच बटण दाबलं. ओळी आणखी वर गेल्या. आता कुत्र्यासमोर भलत्याच गावाचं दूध. सोनारीचे सेक्रेटरी हात जोडून म्हणाले, "काळभैरवाची किरपा!" गोदाबाई म्हणाल्या, "किरपा कसली, चोरी हाय ही! उघड्या डोळ्यादेखत!" कुणीतरी म्हणालं, पेटीला राजकारण शिकवलंय. अण्णा खुर्चीवर चढून शांततेचं आवाहन करत होते आणि ज्या गावांची दूधं वाढली ती गावं शांत होतीही.

सभेनं दोन गोष्टी एकमतानं ठरवल्या. पेटीवर काही बांधायचं नाही. आणि इथून पुढं कॅनवर फक्त नंबर.

तात्यांना आवारातले फलक रंगवायचं काम दिलं. 'थुंकू नये' असा फलक लिहायला सांगितला तर त्यांनी अक्षरांऐवजी गाल फुगवलेला एक चेहरा काढून त्याच्यावर फुली मारली. अण्णांना तो आपला चेहरा वाटला. तोही गेला.

आता कुत्र्याबद्दलची एक गोष्ट सांगायची राहिली आहे, ती आधी माझ्याही लक्षात नीट आली नव्हती. सोनारीच्या कॅनवरचं कुत्रं तात्या सारखं दुरुस्त करायचे. मासा किंवा एसटी वर्ष-वर्ष तशीच. कुत्र्याची शेपटी मात्र कधी वर, कधी खाली. मला वाटायचं, म्हातारपणानं हात हलतो. आणि सोनारीचा कॅन यायचा तेव्हा त्या कुत्र्याच्या कपाळावर रोज ताजं कुंकू असायचं. सगळे म्हणायचे, सोनारीची माणसं भाविक, भैरवाच्या कुत्र्यालाही पूजतात. मीही म्हणायचो.

नवे कॅन सुरू झाले त्या सकाळी तात्या धुण्याच्या कट्ट्यावर बसून होते. मी चहा नेऊन दिला. त्यांनी एकतीस नंबरच्या बिल्ल्यावर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "तळंवाले, नंबराला शेपूट असतं का हो?"

मला वाटलं, सभेचा राग आहे. मी काहीतरी हसण्यावारी नेलं.

दुसऱ्या दिवशी सोनारीचा कॅन आला. गळ्याशी पितळी बिल्ला, त्यावर एकतीस, आणि त्या एकतीसवर, बरोबर मधोमध, कुंकवाचा टिळा.

"बघा तात्या," मी म्हणालो, "सोनारीवाले नंबरालाही सोडत नाहीत. काय भक्ती म्हणायची!"

तात्या पालथ्या कॅनवर बसले. मग ट्रकचे ड्रायव्हर रज्जाकभाई मला कोपरानं ढोसून म्हणाले, "भक्ती कसली? त्यांची घरवाली हाय ती. कोंडाबाई. सोनारीचा कॅन तीच भरून देती."

तात्यांना बायको आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. एका खोलीत राहून, त्यांच्या हातची भाकरी खाऊन माहीत नव्हतं. ते माझा तलाव काठाकाठानं ओळखत होते, आणि मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं की तुमच्या गावात काय आहे.

त्या दिवशी विचारलं. त्यांनी सांगितलं ते असं. बहात्तरच्या दुष्काळात ते कामाला म्हणून सोनारीहून निघाले. खोली मिळाली की तुला न्यायला येतो, असं बायकोला सांगून निघाले. खोली मिळायला फार वेळ लागला. मिळाली तेव्हा न्यायला गेले, तर कोंडाबाई गोठ्यातून बाहेरच आल्या नाहीत. आतूनच म्हणाल्या, "म्हशे, सांग त्यांना, आता माझं हितं बूड जमलंय." तात्यांनीही म्हशीला सांगितलं, "म्हशे, सांग तिला, मर्जी तिची." तेव्हापासून दोघांचं बोलणं म्हशीमार्फत, आणि तेही वर्षातनं जत्रेला गेले तर.

"मग शेपूट?"

"म्हशीला सांगून आलाव त्याच साली म्या कॅनवर कुत्रं काढलं. शेपूट वर काढलं, सहज. दुसऱ्या दिवशी त्याला कुंकू लावून आलं." तात्या बिल्ल्याकडं बघत म्हणाले. "मग मला ताप आला तवा शेपूट खाली काढलं. तर कॅनच्या झाकणात सुंठीचा तुकडा आला. मंग म्हणलं, हां. हिला वाचता येतंय."

"तुम्ही बोलत का नाही सरळ? रज्जाकभाईंकडं निरोप द्या."

"त्येच्याकडं दिला तर परांड्यापस्तोर समद्यांना कळंल." रज्जाकभाईंनी हे मान्य केलं. "आन् बोलायचं काय? भांडण तर अजून मिटलेलं न्हाय."

मग ते म्हणाले, "ती टिळा लावायलीय. तिला वाटंल, म्या गपच बसलाव."

मी त्या दिवशी कॉम्प्युटरच्या खोलीत धूळ पुसता पुसता एकच जागा पुसत राहिलो. प्रत्येक कॅनबरोबर गावाला एक छापील चिठ्ठी जायची आणि दुसऱ्या दिवशी सही होऊन परत यायची. नंबर, दूध, फॅट. ती ह्याच पेटीतून निघायची. मला पेटीला हात लावायची परवानगी नव्हती आणि हिंमत तर त्याहून नव्हती. नोकरी गेली तर जायचं कुठं? पण धूळ पुसताना मी बटणं रोज बघत होतो. त्यांतल्या एकावर नुसती तिरपी रेघ होती, खालून वर जाणारी. आणि दुसऱ्या एकावर वरून खाली येणारी.

सबनीस साहेब डबा खात होते. आधी मी त्यांची पाण्याची बाटली जवळ सरकवली. मग सगळं एका दमात सांगून टाकलं. कुत्रं, शेपूट, सुंठ, म्हैस. शेवटी म्हणालो, "साहेब, चित्राची पट्टी नाही हे मला माहीत आहे. पण शेपटीला पट्टी लागत नाही."

त्यांनी चष्मा काढून पुसला. डब्याचं झाकण लावलं. मला वाटलं, संपलं.

दुपारी सोनारीची चिठ्ठी छापून बाहेर आली. 'एकतीस' ह्या आकड्याच्या मागं, अगदी चिकटून, एक तिरपी रेघ होती. खालून वर जाणारी.

मी ती तात्यांना दाखवली. त्यांनी डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, आडवी केली, परत उभी केली. टोपी मागं सरकवली.

"साहेबाला म्हणावं," ते म्हणाले, "कुत्रं हाडकुळं हाय. पर शेपूट झ्याक."

दुसऱ्या दिवशी चिठ्ठी परत आली. सहीच्या जागी कुंकू होतं.

त्यानंतर रोज सकाळी सबनीस साहेब, ज्यांना गंभीर कामात चित्रांचा उपयोग पटत नव्हता, ते खोलीच्या दारातून आवाज द्यायचे, "तात्या, आज वर की खाली?" आणि तात्या कट्ट्यावरून हात वर करायचे. एकदाच खाली केला होता, दाढ दुखत होती तेव्हा. त्या वेळी झाकणात लवंगा आल्या. तात्यांनी त्यांतली एक मला दिली. माझी दाढ दुखत नव्हती, पण मी ती चघळली.

मग एका सकाळी सोनारीचा कॅन आला आणि त्याच्यावर काहीच नव्हतं. बिल्ल्यावर नाही, चिठ्ठीवर नाही, झाकणात नाही. तात्यांनी कॅन सगळीकडून फिरवून पाहिला. "इसरली असंल," मी म्हणालो. त्यांनी मान हलवली. ब्रश रॉकेलमध्ये बुडवून ठेवले, खोलीची किल्ली माझ्या हातात दिली, आणि परांड्याच्या गाडीला गेले. पिशवीही घेतली नाही.

ते काही परत येईनात. खोलीत मी एकटा. माझ्या भाकऱ्यांना कोन असायचे. जेवून झालं की सवयीनं मी भिंतीकडं बघायचो, आणि मग तलाव मनातच ठेवून झोपायचो. सोनारीचा कॅन यायचा, कोराच. सबनीस रोज दारातून बघायचे आणि हळूच विचारायचे, "काय करू?"

"वरच ठेवा साहेब," मी म्हणायचो. "सध्या वरच ठेवा."

शेवटी एक दिवस रज्जाकभाईंनी ट्रकमधूनच हाका मारल्या. सोनारीचा कॅन त्यांनी स्वतः उतरवला. कॅनच्या पोटावर, पितळी बिल्ल्याच्या खाली, सगळे नियम मोडून, एक कुत्रं काढलेलं होतं. रंग पुरता वाळलेलाही नव्हता. डोळे मोठे, पाय आखूड, आणि शेपूट असं ताठ वर की कॅनच्या गळ्याला लागलेलं.

"कोंडाबाईनं हंतरूण धरलं व्हतं," रज्जाकभाई म्हणाले. "आता उठून बसायल्यात. म्हशींच्या धारा तात्याच काढायलेत. म्हणलेत, परत येत न्हाय. खोली तळंवाल्यांना ठिवा म्हणलेत."

"बोलतात का दोघं?"

"बोलत्यात की. म्हशीमार्फत." मग ते हसले. "पर म्हैस आता दोघांच्या मधी नसती. चरायला गेलेली असती. तरी तिलाच सांगत्यात."

आत चालू हाय, दिसत न्हाय, असं म्हणायला त्या वेळी कुणीतरी हवं होतं.

कॅन रिकामा झाला, धुतला. कुत्रं पुसायचा हुकूम होता. मी ते पुसलं नाही, त्याच्या बाजूबाजूनं धुतलं. मग मला कळलं की उत्तर द्यायचं आहे, आणि आता ते माझ्याकडं आहे. मला चित्र येत नाही. मी खोलीत गेलो, पेटीवरची कुंकवाची डबी घेतली. अण्णा आवारातच होते.

सगळं ठीक असेल तर टिळा, असा त्यांचा करार. इकडं सगळं ठीक नव्हतं. पण कोंडाबाईंनी तरी इतकी वर्षं सगळं ठीक होतं म्हणूनच टिळा लावला असेल, असं थोडंच आहे.

मी कुत्र्याच्या कपाळावर बोट टेकवलं.

मागं सबनीस साहेब उभे होते, अनवाणी, हातात सोनारीची कोरी चिठ्ठी. "वर ना?" त्यांनी विचारलं.

"वर," मी म्हणालो.